सिरीची वाट आणि तुमचा राग

नमस्कार,

'द विचर ४' या येऊ घातलेल्या व्हिडिओ गेमवरच्या माझ्या गेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नाव न देता 'एक जुना वाचक' एवढीच सही केलीत, तेव्हा त्याच नात्याने उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या गेमची तारीखसुद्धा ठरलेली नाही त्यावर तीन-तीन लेख लिहिणं म्हणजे कंपनीची फुकटची जाहिरात. याच कंपनीच्या 'सायबरपंक' या गेमच्या वेळी जे झालं ते मी सोयीस्करपणे विसरले. 'विचर ३'चा नायक गेराल्ट याने मुलीसारखं वाढवलेल्या सिरीला नायिका करून त्यांनी तुम्ही त्या गेममध्ये निवडलेला शेवट पुसून टाकला, आणि मुळात ती विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारी शिकारी, होऊच शकत नाही. शिवाय, हे सगळं मराठीत लिहायची गरजच काय, खेळणारे इंग्रजीत वाचतातच.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

'विचर' बनवणारी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ साली वॉर्सामध्ये सुरू झाली तेव्हा ती गेम बनवत नव्हती. परदेशातून सीडी आणून विकायच्या, हा तिचा धंदा. त्या काळात पोलंडच्या बाजारात चोरीच्या प्रती उघड्यावर मिळायच्या, मग पैसे मोजून अस्सल प्रत कोण घेणार? त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा अवाढव्य इंग्रजी गेम अख्खाच्या अख्खा पोलिश भाषेत आणला. संवाद पोलिश, पुस्तिका पोलिश, आवाज द्यायला तिथले नावाजलेले नट. १९९९ साली तो आला आणि लोकांनी विकत घेतला. पुढे त्यांनी स्वतःचा गेम करायला घेतला, तोही आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर. २००७ साली पहिला 'विचर' आला तेव्हा त्याचं इंजिनसुद्धा, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर, 'बाल्डर्स गेट' बनवणाऱ्या बायोवेअरकडून घेतलेलं होतं. ज्या गेमवरून आपण भांडतोय, त्याच्या मुळाशी आपल्या भाषेत खेळायला मिळावं हा हट्ट आहे. मराठीत असा गेम येईल तेव्हा येईल, पण निदान बोलायचं तरी मराठीत, एवढा माझा आग्रह आहे. आणि 'विचर ३'मधल्या बॅरनच्या घराबद्दल मला जे वाटतं ते इंग्रजीत सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

ते मी पहिल्यांदा खेळले २०१७च्या पावसाळ्यात, साताऱ्याला, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर. पीएस४ भावाचा. आजी बाजूला वाती वळत बसायची आणि अधूनमधून पडद्याकडे बघायची. तुम्हाला तो भाग आठवत असेलच. वेलेन या गेममधल्या मुलखातल्या क्रोज पर्च या गढीचा बॅरन गेराल्टला म्हणतो, माझी बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, शोधून द्या. आपण शोधायला लागतो आणि हळूहळू कळतं की दारूच्या नशेत त्यानेच बायकोला मारहाण केली, तिचा गर्भ पडला, आणि ते न जन्मलेलं मूल नावगाव न ठेवता पुरलं गेलं. तेच आता भूत होऊन रात्री बाहेर येतंय. मारायचं की मुक्त करायचं, ते आपल्यावर. मी मुक्त करायचं ठरवलं. मग तो आडदांड बॅरन ते विद्रूप पोर दोन्ही हातांत घेऊन काळोखातून चालतो, ते मध्येच चवताळतं, गेराल्ट त्याला शांत करतो, पुन्हा चार पावलं. घराच्या दाराशी येऊन बॅरन खड्डा खणतो, मुलीला नाव देतो, तिला आपली म्हणतो आणि उंबरठ्याखाली ठेवतो.

आजीने वात वळायची थांबवली. "काय पुरतोय गं तो?" मी म्हटलं, "बाळ. त्याचंच." "कुठं?" "उंबऱ्याखाली." तिने विचारलं, "नाव ठेवलं का?" म्हटलं, ठेवलं. "मग झालं," म्हणाली आणि परत वातींकडे वळली. रोज सकाळी अंघोळ झाली की उंबऱ्याला हळदीकुंकू लावणाऱ्या बाईला तो प्रसंग कुणी समजावून सांगावा लागला नाही. स्लाव्ह लोकसमजूत आणि साताऱ्यातलं आमचं घर त्या एका जागी एकमेकांना भेटलं. मी तीन लेख लिहिले त्यामागे हे आहे. ग्राफिक्स सुंदर असतात म्हणून मी कोणत्याही गेमची इतकी वर्षं वाट पाहिलेली नाही.

आता 'सायबरपंक २०७७'. यात तुमचं बरोबर आहे आणि तीन लेखांत मी त्याला एका ओळीत गुंडाळलं, ही माझी चूक. एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर अशी तारीख पुढे सरकत सरकत १० डिसेंबर २०२० रोजी तो गेम आला, आणि पीएस४ व एक्सबॉक्स वनवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत विक्रीला यायला जून २०२१ उजाडलं. शेवटच्या महिन्यांत काम करणाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस जुंपलं होतं, हेही तेव्हा बाहेर आलं. २.० हा दुरुस्तीचा पॅच आणि 'फँटम लिबर्टी' हा जोडभाग आले ते सप्टेंबर २०२३मध्ये, आणि त्यानंतर तो गेम खरोखर चांगला झाला. पण तीन वर्षांनी चांगला झाला म्हणून पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्यांची फसगत पुसली जात नाही. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

आणि म्हणूनच, तारीख जाहीर नाही याचा तुम्हाला जो राग येतो, त्याचाच मला दिलासा वाटतो. तारीख आधी ठरली आणि गेम तिच्यामागे फरफटत गेला, तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. खुद्द 'विचर ३' २०१४चा होता. तो आधी फेब्रुवारी २०१५वर गेला आणि मग १९ मे २०१५ला आला. ते जास्तीचे महिने आज कुणाला आठवतात? यावेळी २०२६ संपेपर्यंत गेम येणार नाही, एवढं कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. त्या पलीकडे कुणी यूट्यूबवर महिना-तारीख सांगत असेल तर ऐकू नका.

एक दुरुस्तीही करते. जून २०२५मध्ये अनरियल इंजिन ५वर जे दाखवलं, कोव्हिरचा डोंगराळ मुलूख, केल्पी घोडीवर बसलेली सिरी, वाल्ड्रेस्टच्या बाजारातली ती गर्दी, त्याला मी दुसऱ्या लेखात 'गेमची पहिली झलक' म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. तो टेक डेमो होता, तंत्र दाखवण्यासाठी केलेला, आणि तो गेमचा भाग नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. लेखात शब्द बदलला आहे. मात्र त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो डेमो साध्या पीएस५वर, सेकंदाला ६० फ्रेम्सनी चालवून दाखवला आणि यावेळी आधी कन्सोलवर नीट बसवून मग पुढे जाणार असं ते म्हणाले. 'सायबरपंक'मध्ये दुखणं नेमकं तिथेच होतं. औषध बरोबर जागी लावलंय, गुण येतो का ते गेम हातात आल्यावरच कळेल. तोवर मी प्री-ऑर्डर करणार नाही आणि वाचकांनाही करा म्हणणार नाही. वाट पाहणं आणि आगाऊ पैसे भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या लेखांतून त्या एकच वाटल्या असतील तर तो दोष माझ्या लिहिण्याचा.

पण सिरीच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

'विचर ३'मध्ये तिचं शेवटी काय होतं हे कोणत्याही लढाईवर ठरत नाही, हे तुम्ही जाणताच. तिचा म्हातारा गुरू वेसेमिर गेल्यानंतर ती कॅर मोरहेन या विचरांच्या गढीत खचून बसलेली असते. तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळायचं की तिला समजावून सोबत दारू प्यायची? चेटकिणींच्या सभेपुढे तिला एकटीला जाऊ द्यायचं की पाठराखण करायची? तिला शिकवणाऱ्या अवॅलाकच्या प्रयोगशाळेत तिचा संताप उफाळून येतो तेव्हा तिला मनसोक्त तोडफोड करू द्यायची की आवरायचं? एवढ्याएवढ्याशा गोष्टी. मी पहिल्यांदा खेळताना तिला समजावलं, तिच्यासोबत सभेत गेले, प्रयोगशाळेत तिला आवरलं. तिन्ही वेळा मला वाटलं की मी तिची काळजी घेतेय. आणि शेवटी ती परत आलीच नाही. गेराल्ट दलदलीतल्या त्या झोपडीत तिचं पदक हातात घेऊन एकटा बसलेला, बाहेर राक्षस जमतायत, आणि गेम संपला. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मी तिला एकदाही तिच्या पायांवर उभं राहू दिलं नव्हतं. ज्या घरात मुलीने बाहेर जायचं म्हटलं की आधी सोबत कोण आहे हे विचारतात, तशाच घरात मी वाढले, आणि हातात सूत्रं आल्यावर मीही तेच केलं. इतकं थेट मला आजवर कुठल्या गेमने दाखवलेलं नाही.

म्हणून पुढच्या गेममध्ये तिला कोण सोबत आहे हे न विचारता ती स्वतः रस्त्याला लागणार, याची मला ओढ आहे.

तुम्ही तिला सम्राज्ञी केलंत. व्हाइट ऑर्चर्डमध्ये गेराल्टबरोबरचा तो शेवटचा दिवस, मग निल्फगार्ड साम्राज्याचे लोक तिला न्यायला येतात. तो शेवट हलका नाही, आणि नवा गेम तिला विचर म्हणून पुढे नेतोय म्हणजे तो शेवट बाजूला पडला, हेही खरं. याची तुम्हाला चुटपुट लागणं मला मान्य आहे. माझाही शेवट बाजूला पडलाच की. मात्र तीन वाटांनी संपलेली गोष्ट पुढे न्यायची तर एक वाट धरावीच लागते, आणि तीनपैकी तीच वाट तिने स्वतःच्या मनाने धरलेली वाटते. राजवाड्यात ती जाते ते कर्तव्य म्हणून. तलवार हातात घेऊन सरायच्या दारातून बाहेर पडताना तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते तिथे नसतं.

राहिला 'ती विचर होऊच शकत नाही' हा मुद्दा. कॅर मोरहेनमध्ये तिचं शिक्षण झालं पण गवतांची परीक्षा, म्हणजे शरीर बदलून माणसाचा विचर करणारा विधी, तिला दिली गेली नाही, हे पुस्तकांत आहे. नव्या गेमच्या ट्रेलरमध्ये तिचे डोळे मांजरासारखे आहेत, ती विचरचे काढे पिते, म्हणजे मधल्या काळात काहीतरी घडलंय, आणि ते गेममध्ये उलगडेल असं निर्मात्यांनी सांगितलं आहे. उलगडा पटण्यासारखा नसेल तर मी स्वतः त्यावर लेख लिहीन. पण गोष्ट ऐकायच्या आधीच ती अशक्य ठरवणं मला जमत नाही.

तो ट्रेलर पुन्हा एकदा बघा, एवढी विनंती. आपल्याकडे १३ डिसेंबर २०२४ची सकाळ होती, मी चहा घेऊन बसले होते. गावाने एका मुलीला नटवून राक्षसाला बळी द्यायला पाठवलेलं. सिरी तिला घरी जायला सांगते, स्वतः त्या राक्षसाशी लढते, जखमी होते, जिंकते. परत येते तर ती मुलगी मेलेली. राक्षस मेला तरी रीत मेलेली नव्हती, गावकऱ्यांनीच तिला संपवलं. माझा चहा तसाच राहिला. बॅरनच्या घरातही असंच झालं होतं मला. त्याच गोष्टीत पुढे टेकडीत अडकलेल्या एका आत्म्याला दलदलीतली पोरं वाचावीत म्हणून मी मोकळं सोडलं आणि त्यापायी एक गाव उद्ध्वस्त झालं, बॅरनची बायको गेली, बॅरनने गळफास घेतला. चांगलं करायला जावं आणि त्याची किंमत भलत्यानेच मोजावी, ही त्या लेखकांची जुनी जागा आहे. ट्रेलरच्या सहा मिनिटांत ती जागा मला पुन्हा दिसली. 'विचर ३' लिहिणाऱ्या-घडवणाऱ्यांतले काही जण आता तिथे नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि माझी धाकधूक सगळी त्याचीच आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत मी वेलेनपासून पुन्हा खेळायला घेणार आहे, यावेळी बर्फाचे गोळे फेकून. सम्राज्ञीचा शेवट मात्र मी अजून एकदाही पाहिलेला नाही, कारण त्यासाठी रादोविद राजाच्या खुनाच्या कटात उतरावं लागतं आणि माझं मन दरवेळी तिथे कच खातं. तुम्ही तो पार केलात. तेव्हा सिरीला व्हिझिमाला, तिचे वडील सम्राट एम्हिर यांच्याकडे न्यायचं तुम्ही का ठरवलंत, आणि एम्हिरने पुढे केलेले पैसे घेतलेत की नाकारलेत, हे सविस्तर लिहून पाठवाल का? तुमच्या परवानगीने ते मी पुढच्या लेखात जसंच्या तसं घेईन.