मुख्याध्यापकांनो, ‘नाही’ म्हणू नका

शाळेत दिव्यांग मुलाचा प्रवेश टाळायचा असेल तर आधी एक पथ्य पाळा: ‘नाही’ हा शब्द तोंडातून काढू नका. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा नेमका त्याच शब्दावर टपून बसलाय. त्याचं कलम 16 सांगतं, शाळा सरकारी असो की नुसती मान्यताप्राप्त, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. म्हणजे ‘आमची विनाअनुदानित आहे हो’ हेही आता चालत नाही. तेव्हा नकार द्यायचा नाही, काळजी करायची.

विड्या वळणारी एखादी आई व्हीलचेअरवरच्या मुलीला घेऊन आली, तर उठून स्वागत करा. पंखा तिच्याकडे फिरवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढ्यानंही माणूस विरघळतो. ती म्हणेल, “पोरगी हुशार हाय ओ सर.” लगेच म्हणा, “हुशार आहे म्हणूनच सांगतो ताई, विशेष शाळेत घाला. इथली पोरं दांडगट, धक्का लागला म्हणजे?” कलम 31 प्रमाणे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं, आणि दोन्हींतली कुठली ते त्यानं निवडायचं. हे शेवटचं वाक्य चहाच्या घोटाबरोबर गिळून टाका.

रॅम्प मात्र बांधाच. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असं मानक आहे. तुमचं जोतं दोन फूट, म्हणजे चोवीस फुटांचा रॅम्प. एवढ्या जागेत स्टाफच्या किती गाड्या लागतील! सहा फुटांत उरका. चढ असा यावा की ढकलणाऱ्याच्या चपला मागे राहाव्यात. वर चकचकीत फरशी, पायथ्याशी दोन कुंड्या आणि पीटीच्या सरांची स्कूटर. तपासणीत ‘रॅम्प: आहे’ असं बिनधास्त लिहा, उतार मोजायला कोण टेप घेऊन येतंय? दिव्यांगांचं स्वच्छतागृहही असू द्या, कुलूप लावून. आत गॅदरिंगचा थर्माकोलचा किल्ला छान राहतो. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा बँकेत.

डोळ्यांना न दिसणारं अपंगत्व तर आणखी सोपं. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, आता 21 आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचता-लिहिता अडखळणंही, आहे. पण डायरीत लाल शाईनं ‘लक्ष नाही, घरी अभ्यास घ्या’ लिहिलं की बाविसावा प्रकार तयार होतो, त्याला कुठलाच कायदा लागत नाही. पालक चिवट निघाले आणि कलम 17 दाखवून जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मागू लागले, तर प्रमाणपत्र मागा. ते आणलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. कार्ड आणलं तर साक्षांकित प्रत, तीही दोन. तोवर परीक्षा होऊन जाते. (लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलंय. स्टाफरूममध्ये हा विषय काढू नये.)

दंडाचं मनावर घेऊ नका. पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत. स्नेहसंमेलनाचा मंडप त्याहून महाग पडतो. पुढच्या वेळी मात्र 50 हजार ते 5 लाख, म्हणून प्रत्येक वेळ पहिलीच कशी ठरेल ते वकिलाला विचारून ठेवा. शिवाय दिव्यांग आयुक्त बसतात पुण्यात. मजुरी बुडवून ती बाई पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं कितीदा जाणार?

आणि 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन चुकवू नका. पाहुणी म्हणून त्याच मुलीला बोलवा. चादर, श्रीफळ द्या. स्टेजला पायऱ्या आहेत, तेव्हा सत्कार खालीच उरका. फोटोत चाकं नीट येऊ द्या, पेपरवाल्यांना तीच लागतात.