जॉर्ज वॉशिंग्टनचं कूळ: फिरणाऱ्या दाव्यातलं किती टिकतं?

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या इंग्लिश पूर्वजांबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं सार असं: हे घराणं १०६६ साली विजेत्या विल्यमबरोबर नॉर्मंडीहून इंग्लंडात आलं आणि त्यांचं नाव डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमनं करवलेल्या जमिनींच्या पाहणीत आहे. त्यांची वंशावळ कॉलेज ऑफ आर्म्सनं, म्हणजे कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या इंग्लंडच्या अधिकृत संस्थेनं, जॉर्जच्या हयातीतच सिद्ध केली. त्यांच्या कुलचिन्हावरचे तारे आणि पट्टे अमेरिकेच्या झेंड्यावर गेले. आणि आज वॉशिंग्टन आडनाव लावणारे सगळे त्या एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत. यातली काही वाक्यं सरळ खोटी आहेत, काही अर्धवट. मला जास्त खटकतं ते हे की या घराण्याचा खरा माग काढायला जवळजवळ शंभर वर्षं लागली आणि त्या कष्टांचा या मजकुरात मागमूसही नाही.

१०६६ आणि डूम्सडे बुकाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. विल्यमबरोबर हेस्टिंग्जच्या लढाईत कोण कोण होतं, याचा समकालीन पुरावा मोजक्या माणसांपुरताच मिळतो. ‘बॅटल ॲबे रोल’ म्हणून जी लांबलचक यादी दाखवली जाते तिची मूळ प्रत हरवली आहे. सोळाव्या शतकातल्या ज्या नकला उरल्या त्या एकमेकींशी जुळत नाहीत. डूम्सडे बुक १०८६ चं. त्यात ससेक्समधल्या वॉशिंग्टन गावाची नोंद आहे, पण जॉर्जच्या घराण्याचं वॉशिंग्टन ते नव्हे. त्यांचं गाव उत्तरेला, डरहॅम परगण्यातलं, आणि डरहॅमची पाहणी डूम्सडे बुकात झालेलीच नाही.

डरहॅमची पाहणी झाली ती ११८३ मध्ये, तिथल्या बिशपच्या हुकमानं. तिला बोल्डन बुक म्हणतात. त्यात हर्टबर्नच्या विल्यमची नोंद आहे: हर्टबर्नच्या बदल्यात त्याला वॉशिंग्टन मिळालं होतं, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. त्यासाठी तो ४ पौंड भरणार आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहणार. आज सापडणारी ठाम सुरुवात ही. गाव बदललं तसं नावही बदललं. हर्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा विल्यम झाला आणि पुढच्या पिढ्यांनी तेच नाव चालवलं. त्याच्याही मागे जाऊन या विल्यमला स्कॉटलंडच्या राजघराण्याशी जोडणाऱ्या वंशावळी आहेत, पण तो अंदाज आहे, पुरावा नव्हे. आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच हे आहे. गाव सांगितलं की माणूस ओळखला जायचा, आणि एकाच गावाचं नाव लावणाऱ्या दोन घरांचं नातं असायलाच हवं असं नाही. इंग्लंडात सर्वसामान्य लोकांची आडनावं वंशपरंपरेनं पक्की व्हायला चौदावं शतक उजाडलं, उत्तरेत त्याहूनही उशीर झाला. त्यामुळे १०६६ पासून अखंड चालत आलेलं आडनाव, ही कल्पनाच त्या काळाला लागू पडत नाही.

आता कॉलेज ऑफ आर्म्सचा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

१७९१ च्या अखेरीला कॉलेजचे प्रमुख अधिकारी सर आयझॅक हर्ड यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून घराण्याची माहिती विचारली. वॉशिंग्टनचं उत्तर मे १७९२ चं आहे. या विषयाकडे आपण फारच कमी लक्ष दिलं, हे त्यानं मोकळेपणानं कबूल केलं. घरातली वडीलधारी माणसं सांगत, की आपला मूळ माणूस उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा परगण्यातून आला. लँकाशायर, यॉर्कशायर की त्याहून वरचा, हे त्याला नक्की आठवत नव्हतं. घरच्या आठवणीचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो. तिच्यात तथ्य आहे, पण ते चुकीच्या पिढीला चिकटलेलं आहे. घराणं उत्तरेचं खरं, पण अमेरिकेत व्हर्जिनियाला गेलेला पणजोबा उत्तरेचा नव्हता.

हर्डनी माग काढला तो नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या सलग्रेव्हपर्यंत. लँकाशायरच्या वॉर्टनहून आलेला लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी. तो नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केल्यावर सलग्रेव्हची मठाची जमीन त्यानं १५३९ मध्ये राजसत्तेकडून विकत घेतली. इथवर हर्ड बरोबर होते. पुढे मात्र घोटाळा झाला. व्हर्जिनियाला गेलेले भाऊ जॉन आणि लॉरेन्स. सलग्रेव्हच्या शाखेत जॉन आणि लॉरेन्स नावाचे दोन भाऊ सापडले, काळही जवळपास जुळत होता, म्हणून तेच हे, असं हर्डनी धरलं. सत्तरेक वर्षं ही वंशावळ सगळ्यांनी मान्य केली. मग १८६६ मध्ये जोसेफ लेम्युएल चेस्टर या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन संशोधकानं दाखवून दिलं, की यातला जॉन म्हणजे सर जॉन वॉशिंग्टन. हा सरदार इंग्लंडातच राहिला आणि थ्रॅप्स्टनला पुरला गेला. आणि लॉरेन्स तर पाद्री होता. म्हणजे ‘सिद्ध’ म्हणवली जाणारी वंशावळ एका नावसाधर्म्यावर उभी होती.

तिढा सोडवला हेन्री वॉटर्सनं. मॅसॅच्युसेट्सच्या सेलम गावचा हा माणूस १८८३ पासून लंडनमध्ये बसून जुनी मृत्युपत्रं वाचत होता, अमेरिकेत गेलेल्या एकेका इंग्लिश घराचा धागा शोधत. १८८९ मध्ये त्यानं निष्कर्ष छापला: हर्डनी ज्या लॉरेन्सला व्हर्जिनियाला पाठवलं, तोच जाणाऱ्या भावांचा बाप. चूक एका पिढीची होती. हा लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा प्रमुख पाद्री. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४३ मध्ये, संसदेच्या लोकांनी त्याला पदावरून काढलं. आरोप असा, की तो दारूच्या गुत्त्यांत सतत पडलेला असतो. त्याला ओळखणाऱ्या एका न्यायाधीशानं मात्र तो सभ्य, संयमी होता अशी साक्ष नंतर दिली. तो राजाच्या बाजूचा होता हे लक्षात घेतलं तर आरोपाचं वजन आपोआप कमी होतं. मोल्डन इथे त्याचं दफन झालं ते जानेवारी १६५३ मध्ये. रजिस्टरात साल १६५२ दिसतं, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडचं अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हे ठाऊक नसल्यानं कित्येक वंशावळींमध्ये साल एकानं चुकलेलं असतं.

बायको ॲम्फिलिस मुलांसह हर्टफर्डशायरच्या ट्रिंगला होती. तिथल्या चर्चच्या नोंदी, ॲम्फिलिसच्या सावत्र वडिलांचं मृत्युपत्र, तिच्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था थोरल्या जॉनकडे सोपवल्याची नोंद, अशा तुकड्यांतून वॉटर्सनं बाप आणि मुलगा जोडले. हा जॉन पुढे एका व्यापारी जहाजावर कामाला लागून व्हर्जिनियाला पोचला, जहाज पोटोमॅक नदीत अडकलं आणि तो तिथेच राहिला. साल १६५७. कफल्लक झालेल्या पाद्र्याचा नशीब काढायला समुद्रावर गेलेला मुलगा: हा आहे राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा. १८७९ मध्ये तर अमेरिकेत एक जाडजूड ग्रंथ निघाला होता, त्यात वॉशिंग्टनचा वंश थेट ओडिन देवापर्यंत नेलेला! मला देवापेक्षा ट्रिंगची ती नोंद कितीतरी मोठी वाटते, कारण ती तपासता येते.

अशा शोधाची एक मर्यादाही सांगायला हवी. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवण्याचा हुकूम १५३८ चा, टॉमस क्रॉमवेलनं काढलेला. त्याआधीचं सामान्य इंग्लिश घर नावानिशी सलग सापडणं दुर्मिळ. करयाद्या, जमिनीचे व्यवहार, खटले यांत जे सापडेल तेवढंच. वॉशिंग्टन घराणं मागे बाराव्या शतकापर्यंत जातं ते जमीनदार होतं म्हणून. त्यावरून कुणीही आपल्या इंग्लिश आडनावाला १०६६ चं साल चिकटवू नये.

झेंड्याबद्दल थोडक्यात. घराण्याच्या ढालीवर पांढऱ्यावर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे आहेत, हे खरं. ते चिन्ह अमेरिकेच्या राजधानीच्या, वॉशिंग्टन शहराच्या झेंड्यावर आहे, तो १९३८ मध्ये स्वीकारला गेला. पण राष्ट्रीय झेंड्याच्या १४ जून १७७७ च्या ठरावात तेरा पट्टे आणि तेरा तारे एवढंच आहे, वॉशिंग्टनच्या ढालीचा उल्लेख नाही. त्या वेळच्या कुठल्याही कागदात तसा दुवा सापडत नाही. ‘या आडनावाचं कुलचिन्ह’ म्हणून चौकटीत घालून जे विकतात तेही निराधार आहे. इंग्लिश कायद्यात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या पुरुष वंशजांकडे जातं.

उरला शेवटचा दावा, आडनाव एक म्हणजे रक्त एक. जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. लेस्टर विद्यापीठात बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावात बहुतेकांचा पूर्वज एक असू शकतो, स्मिथसारख्या प्रचलित आडनावात तसं काही आढळत नाही. आणि वॉशिंग्टन या आडनावाचा इतिहास तर याहून वेगळा आहे. २००० च्या अमेरिकन जनगणनेत ते लावणारे दीड लाखांहून जास्त लोक होते आणि त्यातले सुमारे ९० टक्के आफ्रिकन अमेरिकन. गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी हे नाव स्वतः निवडलं. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टननं शाळेत हजेरीच्या वेळी आडनाव विचारल्यावर ते घेतलं. अशा घराचा माग सलग्रेव्हला नेणं म्हणजे त्यांचे खरे पूर्वज पुसून टाकणं. तो माग १८७० च्या जनगणनेपासून धरावा लागतो. दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या माणसांची नावं त्या जनगणनेत पहिल्यांदा लिहिली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, आणि त्याखाली जवळजवळ सगळीकडे माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग.