सहकुटुंब सहपरिवार व्याघ्रदर्शन

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि एवढ्या अफाट जंगलात पाहण्याजोगा प्राणी एकच आहे, ही गोष्ट घरातून निघण्यापूर्वीच कुटुंबातील प्रत्येकाच्या मनावर बिंबवावी. चितळ, सांबर, नीलगाय, रानगवा, अस्वल आणि तळ्यातल्या मगरी ही सारी मंडळी वाघ येईपर्यंत पर्यटकांचे मन रमावे म्हणून वनखात्याने नेमलेली आहेत. तेव्हा मोहर्ली गेटमधून आत शिरल्यावर गाईडने पहिल्याच वळणावर जिप्सी थांबवून सर्पगरुड दाखवला, तर "पक्षी आमच्या सोसायटीतही आहेत," असे नम्रपणे सांगून त्याला पुन्हा कामाला लावावे.

सहलीसाठी मे महिना निवडावा. त्या दिवसांत जंगलातले पाणी आटते, उरलेल्या पाणवठ्यांवर वाघ तासन्‌तास बसून राहतो आणि पानगळीमुळे तो दुरूनही दिसतो, हे सर्व खरे आहे. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जिप्सीला छप्पर नसते, हेही तितकेच खरे असले तरी ते सासूबाईंना आधी सांगण्याची गरज नाही. हिवाळ्यात जंगल हिरवे असते आणि हवाही सुखाची असते, परंतु आपण हवा खायला चाललेलो नाही. आरक्षण करताना वार मात्र नीट पाहावा. मंगळवारी ताडोबा बंद असते, कारण आठवड्यातील एक दिवस तरी वाघाला माणसांवाचून काढावा लागतो.

पोशाखाकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वांसाठी लष्करी नक्षीचे कपडे, टोप्या आणि अनेक खिशांची जाकिटे घ्यावीत. चितळ-सांबरांना नारिंगी रंग वेगळा ओळखू येत नाही, त्यामुळे भडक नारिंगी अंगाचा वाघ त्यांच्या नजरेला गवतात मिसळून जातो आणि त्याचे पोट भरते. आपला तसा काही हेतू नसला तरी फोटो चांगले येतात. या वेशावर आत्याबाईंनी भरपूर अत्तर लावले, की ज्या प्राण्यांचा सारा भरवसा नाकावर आणि कानांवर असतो, त्यांना वेशांतर केलेले कुटुंब कोणत्या रस्त्याने येत आहे याची वेळेवर वर्दी मिळते.

खरी परीक्षा जिप्सी थांबल्यावर असते. चालक अचानक इंजिन बंद करतो, गाईड हात वर करतो आणि दूर बांबूच्या रांजीमागे कोणीतरी ओरडते. याला 'कॉल' म्हणतात. चितळ घाबरट असल्याने त्याचा कॉल पुष्कळदा फुकट जातो. उंच झाडावरून पाहणाऱ्या वानराचा त्याहून बरा आणि सांबराचा बहुधा खराच, कारण सांबर उगाच ओरडत नाही. हा हिशेब गाईड मनातल्या मनात करत असतो आणि त्यासाठी त्याला मिनिटभर शांतता हवी असते. नेमक्या याच मिनिटाला चिवड्याची पिशवी उघडावी. ती दातांनी फाडावी लागणारी असल्यास उत्तम. पाठोपाठ काकांनी १९८० च्या सुमारास आपल्या गावाजवळ बिबट्या कसा आला होता, ते सुरुवातीपासून सांगावे.

मुलांना आवर घालणे हे या सहलीतील सर्वांत अवघड काम होय. त्यांना काहीही दिसते. अस्वलाने उकरलेले वारूळ दिसते, शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा दिसतो, सागाच्या खोडावर वाघाने ओढलेल्या नखांच्या खुणाही दिसतात. ताडोबाच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंडकाळातील दगडी खांब ओळीने उभे आहेत. सात वर्षांची मुलगी ते मोजू लागते आणि कोणी, कशासाठी उभारले, असे विचारते. अशा वेळी "खांब काय बघतेस, वाघ बघ," असे दटावावे. वाघ कोठे आहे, असा प्रतिप्रश्न तिने केल्यास पुढच्या सहलीला आजोळी ठेवण्याची धमकी द्यावी. अशा वळणाने चार सहली केल्या, की मूल मोठ्या माणसांसारखे होते आणि जंगलात त्याला काही दिसेनासे होते.

गाईड आणि चालक हे बहुतेक आसपासच्या गावांतले असतात. ओल्या धुळीतला ठसा पाहून तो चौकोनी, म्हणजे नराचा, की लांबट, म्हणजे मादीचा, हे ते सांगू शकतात. या विद्येला फार किंमत देऊ नये. बक्षिशीचा आकडा मात्र आधीच जाहीर करावा आणि तो वाघाच्या अंतराशी जोडावा. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू नावाच्या ज्या गावप्रमुखाची देव म्हणून पूजा होते, त्याला आख्यायिकेप्रमाणे वाघ अगदी अंगाशी भिडलेला दिसला आणि त्या झुंजीतच त्याचा अंत झाला. आपला आग्रह इतका नाही, दहा फूट पुरे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रस्ता अडवल्याने वाघीण आणि तिचे बछडे मध्ये कोंडले गेले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि चालक व गाईड निलंबित झाले. यावरून घेण्याचा बोध सोपा आहे. "अजून थोडी पुढे घ्या हो," हे वाक्य मागच्या बाकावरून निर्धास्तपणे म्हणावे, कारण सुकाणू आपल्या हाती नसते.

इतके करूनही वाघ दिसलाच, तर सर्वांनी एकदम उभे राहावे.

आणि दिसला नाही, तर रात्रीच्या जेवणाची तयारी ठेवावी. कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतील पट्टे जुळवून देशातील वाघांचा अंदाज चार वर्षांतून एकदा काढला जातो. रिसॉर्टच्या भोजनगृहात ती गणना रोज रात्री होते आणि तेथे वाघांची वाढ केव्हाही अधिक वेगाने होते. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वाघीण आणि तीन बछडे सांगू लागले, तर आपण शांतपणे भात कालवत शिकारीसह नर सांगावा. ठिकाण विचारल्यास एखाद्या पाणवठ्याचे नाव घ्यावे. त्यांनाही ते ठाऊक नसते. फोटो मागितल्यास गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास बंदी असल्याचे सांगावे. गेटवर मोबाइल जमा करताना त्याच बंदीवरून आपण पाऊण तास हुज्जत घातली होती, हे सांगण्याचे कारण नाही. आणि गळ्यात लोंबणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याकडे कोणी बोट दाखवलेच, तर बॅटरी सासूबाईंच्या पिशवीत राहिली होती.