‘फाइल आपोआप बंद होते’: पायथन लायब्रऱ्यांबद्दलच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

पायथनच्या एखाद्या मुक्तस्रोत लायब्ररीकडे ‘हे फंक्शन फाइल उघडीच ठेवतं’ अशी तक्रार गेली की एक ठरावीक उत्तर पुढे येतं. ते इतक्यांदा फिरलं आहे की नवशिक्यांना तो नियमच वाटतो. सारांश असा: पायथनमध्ये फाइल बंद करायची गरज नाही, व्हेरिएबल गेलं की ती आपोआप बंद होते, रिसोर्सवॉर्निंग (फाइल बंद न करता सोडल्याचा पायथनचा इशारा) हा नुसता गोंगाट आहे, उघडी फाइल फार तर थोडी मेमरी खाते, डेटाला धोका नसतो, ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही चूक आलीच तर यूलिमिट (एका प्रोसेसला किती फायली उघड्या ठेवता येतील ती मर्यादा) वाढवा, आणि दुरुस्ती करायचीच असेल तर सगळीकडे ‘विथ’ (ब्लॉक संपताच फाइल बंद करणारी पायथनची रचना) लावा.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. लायब्ररी लिहिणाऱ्याने तो मानला तर त्रास मात्र ती वापरणाऱ्यांना होतो.

‘व्हेरिएबल गेलं की फाइल आपोआप बंद होते.’

सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीत, साध्या कोडपुरतं हे खरं आहे. ‘ओपन(पाथ).रीड()’ ही ओळ संपताच फाइल ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट (त्याला धरून असणाऱ्यांची संख्या) शून्यावर येतो आणि डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला मिळालेला क्रमांक) तिथल्या तिथे ऑपरेटिंग सिस्टीमकडे परत जातो. पण ही सीपायथनच्या बांधणीची सोय आहे, भाषेने दिलेली हमी नाही. पायपाय या दुसऱ्या अंमलबजावणीत रेफरन्स काउंटिंगच नाही. तिथे हीच ओळ लूपमध्ये टाकली की कलेक्टर (नको झालेले ऑब्जेक्ट आवरणारा भाग) फिरेपर्यंत डिस्क्रिप्टर साठत जातात. अशा गळत्या शोधता याव्यात म्हणून पायपायने ‘-एक्स ट्रॅक-रिसोर्सेस’ हा वेगळा पर्यायच दिला आहे.

शिवाय लायब्ररीतला कोड एवढा साधा क्वचितच असतो. सीपायथनवरही तीन जागी हे गणित हमखास चुकतं.

पहिली जागा म्हणजे रेफरन्सचं वर्तुळ. समजा, पार्सरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सेल्फ.एफपी’त फाइल ठेवली आणि शेजारच्या ‘सेल्फ.हँडलर्स’ डिक्शनरीत ‘सेल्फ.ऑन_रो’ ही मेथड टाकली. बाउंड मेथड आपल्या ऑब्जेक्टला धरून असते. म्हणजे ऑब्जेक्टने डिक्शनरी धरली, डिक्शनरीने मेथड आणि मेथडने पुन्हा ऑब्जेक्ट. वापरणाऱ्याने पार्सर सोडून दिला तरी काउंट शून्य होत नाही. वर्तुळं मोडणारा कलेक्टर येईपर्यंत फाइल उघडी राहते, आणि तो कधी येणार हे नव्याने बनलेल्या कंटेनर ऑब्जेक्टच्या संख्येवरून ठरतं. किती डिस्क्रिप्टर अडकून पडलेत हे तो मोजतच नाही. मेमरी भरपूर मोकळी असताना डिस्क्रिप्टर संपतात ते यामुळे.

दुसरी जागा एक्सेप्शनची, आणि ही सगळ्यात जास्त नजरेतून सुटते. एक्सेप्शन आपला ट्रेसबॅक (चूक कुठून आली त्याची साखळी) धरतो, ट्रेसबॅक फ्रेम (चालू फंक्शनची नोंद) धरतो, फ्रेम तिच्यातली सगळी लोकल व्हेरिएबल्स धरते. एखाद्या प्रोग्रॅमने 5000 फायली वाचताना बिघडलेल्यांचे एक्सेप्शन शेवटी दाखवायला म्हणून एका लिस्टमध्ये जमवले, आणि लायब्ररीने चुकीचा हेडर दिसताच फाइल बंद न करता ‘रेझ’ केलं, तर प्रत्येक बिघडलेल्या फाइलीमागे एक डिस्क्रिप्टर त्या लिस्टच्या आयुष्यभर अडकतो. चांगल्या फायलींवर चाचणी करून हे कधीच दिसणार नाही.

तिसरी जागा जनरेटर, म्हणजे मागणीनुसार एकेक मूल्य देणारं फंक्शन. जनरेटरच्या आत ‘विथ’ असला तरी वापरणाऱ्याने चार ओळी वाचून ‘ब्रेक’ केलं आणि जनरेटर व्हेरिएबलमध्ये तसाच राहिला, तर तो ‘विथ’ मध्येच थांबलेला असतो. तिथे ‘कॉन्टेक्स्टलिब.क्लोझिंग’ वापरून जनरेटर बंद करावा लागतो.

‘रिसोर्सवॉर्निंग हा गोंगाट आहे, दाबून टाका.’

दाबायची गरजच नाही, तो आधीच दाबलेला असतो. पायथन 3.2 मध्ये तो आला तेव्हापासून नेहमीच्या बिल्डमध्ये त्याचा फिल्टर ‘इग्नोर’वर आहे. तो दिसायला लागला तो कुणीतरी मुद्दाम चालू केला म्हणून, किंवा युनिटटेस्ट या पायथनच्या चाचणी लायब्ररीने चाचणीच्या वेळी फिल्टर मोकळा केला म्हणून.

त्याच्याबद्दल चीड येण्याचं खरं कारण वेगळं आहे: इशाऱ्यात जी ओळ दिसते ती फाइल उघडल्याची नसते, ऑब्जेक्ट मेल्याची असते. त्या ओळीवर जाऊन पाहावं तर तिथे एक निरुपद्रवी ‘रिटर्न’. फाइल कुठे उघडली हे हवं असेल तर ‘पायथन3 -एक्स डेव्ह -एक्स ट्रेसमॅलॉक=25’ असं चालवा. 3.6 पासून ट्रेसमॅलॉक (कोणता ऑब्जेक्ट कुठे बनला याची नोंद ठेवणारं मॉड्यूल) चालू असेल तर इशाऱ्याखालीच ‘ऑब्जेक्ट अलोकेटेड अॅट’ म्हणून उघडण्याच्या क्षणाचा पूर्ण स्टॅक छापला जातो. 25 म्हणजे किती फ्रेम जपायच्या ते. आकडा 1 ठेवलात तर एखादं आतलं मदतनीस फंक्शनच दिसेल आणि मूळ कॉलर गुलदस्त्यात राहील. प्रोग्रॅम यात हळू होतो, तेव्हा हे चाचणीतच करावं.

एका फसगतीपासून सावध राहायला हवं. ‘-डब्ल्यू एरर::रिसोर्सवॉर्निंग’ दिलं म्हणजे गळती झाल्यावर चाचणी पडेल, असं वाटतं. पडत नाही. इशारा डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट मरताना चालणाऱ्या कोडमध्ये) उठतो, डिस्ट्रक्टरमधला एक्सेप्शन वर जात नाही. ‘एक्सेप्शन इग्नोर्ड इन’ एवढं छापून प्रोग्रॅम 0 या कोडने सुखरूप संपतो. पायटेस्ट (चाचण्या चालवणारं साधन) 6.2 पासून असे एक्सेप्शन पकडून त्यांचा ‘पायटेस्टअनरेझेबलएक्सेप्शनवॉर्निंग’ करतो. म्हणून पायटेस्टच्या ‘फिल्टरवॉर्निंग्ज’मध्ये रिसोर्सवॉर्निंग आणि हा, दोन्ही ‘एरर’ करावे लागतात. शिवाय प्रत्येक चाचणीनंतर चालणाऱ्या फिक्श्चरमध्ये ‘जीसी.कलेक्ट()’ घाला. नाहीतर वर्तुळात अडकलेली फाइल दहा चाचण्यांनंतर मरते आणि आळ भलत्याच चाचणीवर येतो.

उलट बाजूनेही हा इशारा अपुरा आहे. ‘ओएस.ओपन’ने मिळालेला डिस्क्रिप्टर नुसता पूर्णांक असतो, त्याचा इशारा कुठून येणार? ‘झिपफाइल’ स्वतःच्या डिस्ट्रक्टरमध्ये गुपचूप ‘क्लोज’ करतो, तोही इशारा देत नाही. ओपनपायएक्सेल या एक्सेल फायलींच्या लायब्ररीत ‘रीड_ओन्ली=ट्रू’ने उघडलेलं वर्कबुक आत झिप धरून असतं; ते ‘क्लोज()’ने बंद करायचं हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलं आहे, पण विसरलात तर कुणी आठवण करून देणार नाही.

म्हणून शेवटचा पुरावा मोजणीचाच. लिनक्सवर ‘/प्रॉक/सेल्फ/एफडी’मधल्या नोंदी मोजा, मॅकवर ‘/डेव्ह/एफडी’. संशयित फंक्शन एकदा चालवून घ्या, म्हणजे पहिल्या वेळी होणारे इम्पोर्ट आणि कॅशे हिशेबातून बाहेर पडतील. मग मोजा, 100 वेळा चालवा, पुन्हा मोजा. फरक 0 हवा. 100 आला तर दर कॉलला एक गळते. 30-40 च्या आसपास वरखाली होत असेल तर वर्तुळाचा संशय घ्या आणि ‘जीसी.डिसेबल()’ करून पुन्हा चालवा. आता बरोबर 100 आला तर संशय पक्का झाला. हीच मोजणी मुद्दाम बिघडवलेल्या फाइलीवर, एक्सेप्शन लिस्टमध्ये जमवत, वेगळी करा. कोणत्या फायली अडकल्या ते ‘एलएसओएफ -पी’ आणि प्रोसेस क्रमांकाने दिसतं. इशाऱ्याविना गळणाऱ्यांसाठी 3.8 पासूनचा ‘सिस.अॅडऑडिटहुक’ आहे: त्यात ‘ओपन’ घटना पकडून पाथ आणि स्टॅक लिहून ठेवता येतो, आणि ‘ओएस.ओपन’ही त्यातून सुटत नाही.

‘डेटाला धोका नसतो.’

हा सगळ्यात घातक मुद्दा. लिहिलेलं आधी बफरमध्ये जातं, आणि थोडा मजकूर असेल तर तो फ्लश किंवा क्लोज होईपर्यंत तिथेच राहतो. प्रोसेसवर ‘सिगकिल’ (तत्काळ मारणारा सिग्नल) आला किंवा कुणी ‘ओएस._एक्झिट’ केलं की बफरमधलं गेलं. जीझिपच्या शेवटी 8 बाईटचं शेपूट असतं, 4 सीआरसीचे (मजकूर बिघडला का ते तपासणाऱ्या आकड्याचे) आणि 4 मूळ लांबीचे. ते बंद करतानाच लिहिलं जातं. झिपची मुख्य सूचीही बंद करतानाच लिहिली जाते, आणि ती नसेल तर आतला सगळा मजकूर शाबूत असूनही नेहमीची साधनं ती फाइल उघडत नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे न दिसणारी चूक. लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ हे उपकरण लिहिताना कायम ‘डिस्क भरली’ असं उत्तर देतं. ते लिहिण्यासाठी उघडा आणि एक अक्षर ‘राइट’ करा: उत्तर 1, सगळं आलबेल. आता ‘क्लोज()’ करा: ‘ओएसएरर’, क्रमांक 28. हेच ‘क्लोज’ न करता व्हेरिएबल सोडून द्या. पायथन 3.13 च्या आधी, डेव्ह मोड (‘-एक्स डेव्ह’) नसेल तर, काहीही छापलं जात नाही. 3.13 पासून चूक छापली तरी जाते, पण ती ‘ट्राय’मध्ये पकडता येत नाही, कारण ती डिस्ट्रक्टरमध्येच राहते. डिस्क भरलेली असताना फाइल रिकामी राहिली आणि प्रोग्रॅमने ‘जतन झालं’ असं सांगितलं, हे फक्त ‘क्लोज’ न केल्यामुळे घडू शकतं.

नुसत्या वाचनालाही परिणाम आहेत. विंडोजवर पायथनने उघडलेली फाइल बंद होईपर्यंत पुसता येत नाही; ‘विनएरर 32’ येतो आणि तात्पुरता फोल्डर आवरताना प्रोग्रॅम कोसळतो. लिनक्सवर फाइल पुसता येते, पण कुणी ती धरून असेल तर जागा मोकळी होत नाही. ‘डीएफ’ (डिस्कवरची भरलेली जागा) आणि ‘डीयू’ (दिसणाऱ्या फायलींची बेरीज) यांचे आकडे जुळेनासे झाले की ‘एलएसओएफ +एल1’ने अशा पुसलेल्या पण धरलेल्या फायली दिसतात.

‘यूलिमिट वाढवा.’

हिशेब करून पाहा. दर विनंतीला एक डिस्क्रिप्टर गळतो आणि सेकंदाला 10 विनंत्या येतात. लिनक्सवरच्या नेहमीच्या 1024 च्या मर्यादेत सर्व्हर सुमारे पावणेदोन मिनिटांत बसतो. मर्यादा 65,536 केली तर सुमारे 1 तास 49 मिनिटांत. बिघाड तोच राहिला, फक्त तो आता चाचणीच्या वेळी दिसणार नाही. शिवाय 1024 किंवा त्याच्या वरचा डिस्क्रिप्टर ‘सिलेक्ट’ला (अनेक सॉकेटवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या कॉलला) दिला की ‘व्हॅल्यूएरर’ येतो, कारण त्या कॉलची रचनाच 1024 पर्यंतची आहे. म्हणजे मर्यादा वाढवून आजवर धड चालणारा दुसरा कोड पडू शकतो. एकाच वेळी खरोखर हजारो सॉकेट लागणाऱ्या सर्व्हरला मर्यादा वाढवणं योग्यच आहे. गळती शोधताना मात्र उलटं करावं: ‘यूलिमिट -एन 64’ करून चाचणी चालवावी. एक लक्षात असू द्या, क्रमांक 24 ची, म्हणजे ‘टू मेनी ओपन फाइल्स’ची, चूक ज्या ओळीवर येते ती ओळ बहुधा निर्दोष असते. शेवटचा डिस्क्रिप्टर मागणारा इम्पोर्ट किंवा लॉगची फाइल तिथे सापडते, गळणारा नाही.

‘सगळीकडे विथ लावा.’

वापरणाऱ्याच्या कोडला हा सल्ला अगदी बरोबर आहे. लायब्ररीत तो डोळे झाकून लावला की दोन नवे बग जन्मतात. फंक्शन आळशी (मागितल्यावरच पुढचं वाचणारा) इटरेटर परत करत असेल तर ‘विथ’ संपल्यावर पहिल्याच ओळीला ‘आय/ओ ऑपरेशन ऑन क्लोज्ड फाइल’ येतं. आणि वापरणाऱ्याने स्वतः उघडलेली फाइल दिली असेल तर लायब्ररी दुसऱ्याची फाइल बंद करून बसते.

नियम मालकीचा आहे: ज्याने उघडली त्याने बंद करावी. पाथ आला तर उघडा आणि ‘सेल्फ._ओन्स = ट्रू’ नोंदवा; फाइल ऑब्जेक्ट आला तर ‘फॉल्स’. ‘क्लोज()’मध्ये ती नोंद पाहूनच बंद करा, आणि दोनदा बोलावलं तरी चूक येऊ देऊ नका. हेडर वाचणं ‘ट्राय’मध्ये ठेवा. ‘एक्सेप्ट बेसएक्सेप्शन’मध्ये आपली फाइल बंद करून ‘रेझ’ करा. नुसतं ‘एक्सेप्शन’ पकडलं तर कंट्रोल-सी निसटतं. दोन-तीन फायली एकत्र उघडायच्या असतील तर ‘एक्झिटस्टॅक’ (अनेक ‘विथ’ एकत्र सांभाळणारी रचना) वापरा आणि सगळं सुरळीत झाल्यावरच ‘पॉप_ऑल()’ने ताबा ऑब्जेक्टकडे द्या. पिलो या चित्रांच्या लायब्ररीत ही मालकी चांगली पाहायला मिळते. पाथ देऊन उघडलेलं एकाच फ्रेमचं चित्र ‘लोड’ झालं की फाइल बंद होते. अनेक फ्रेमच्या जिफ-टिफला ती उघडी ठेवावी लागते, म्हणून तिथे ‘विथ’ किंवा ‘क्लोज()’ वापरणाऱ्याने करायचं.

एक सापळा जाणत्यांनाही चकवतो. वापरणाऱ्याच्या बायनरी फाइलीवर लायब्ररीने ‘टेक्स्टआयओरॅपर’ (बाइट्सचा मजकूर करून देणारं आवरण) चढवला आणि फंक्शन संपलं की रॅपर मरतो, आणि मरताना आतली फाइलही बंद करतो. इथे ‘आपोआप बंद होणं’ हाच बग आहे. परतण्याआधी, ‘फायनली’मध्ये, आतली फाइल सोडवणारं ‘डिटॅच()’ बोलवावं लागतं. दुरुस्तीसोबत त्याची चाचणी द्या: ‘बाइट्सआयओ’ (फक्त मेमरीतली फाइल) द्या, काम करून घ्या, मग ‘क्लोज्ड’ अजून ‘फॉल्स’ आहे ना ते पाहा.

दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत वापरणाऱ्याला थांबायची गरज नाही. लायब्ररी फाइल ऑब्जेक्ट घेत असेल तर पाथ देऊच नका. आपल्या ‘विथ’मध्ये ‘आरबी’ने (बायनरी वाचनासाठी) फाइल उघडा, ती द्या आणि हवं ते सगळं ब्लॉकच्या आतच वाचून घ्या. फाइल चार-दोन एमबीची असेल तर ती पूर्ण वाचून ‘बाइट्सआयओ’त घालून द्या, मग लायब्ररी ते कितीही वेळ धरून बसली तरी डिस्क्रिप्टर अडकत नाही.