'अ' मिळाला, पण पाटी वाचता येईना: एका आजोबांना उत्तर

आजोबा, नाव न देता 'दांडिया बाजारातला एक आजोबा' एवढीच सही केलीत, म्हणून आजोबाच म्हणते. वयानं मी काही फार मागे नाही, शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

'दुसरीपर्यंत लेखी परीक्षा नको' असं मी मागच्या वेळी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलेच तापलात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आजोबांचा नातू दुसरीत आहे. प्रगतीपुस्तकात सगळीकडे 'अ'. परवा कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी वाच म्हटलं, तर पठ्ठ्या आजोबांच्या तोंडाकडे बघत उभा. आजोबांचा निष्कर्ष असा की परीक्षा गेली आणि शिक्षण गेलं. परीक्षेऐवजी वर्गातलं 'निरीक्षण' वगैरे शब्द म्हणजे मास्तरांनी काम टाळायला शोधलेली पळवाट. शेवटी आपल्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं नाव घेऊन विचारलंत, 'महाराजांनी हे चालू दिलं असतं का?'

आधी त्या 'अ'बद्दल. तो 'अ' खोटा असणार, यात मी तुमच्याच बाजूची आहे. तो कसा तयार होतो ते मला माहीत आहे, कारण मी तसे पुष्कळ वाटलेत. मार्चअखेर, वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकापुढे नोंदींचे पंधरा-वीस रकाने, आणि रजिस्टर उद्या द्यायचं. ओट्याशेजारी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजत मी एका संध्याकाळी वर्षभराचं निरीक्षण भरलंय. एकच पेन, एकच अक्षर आणि चाळीसपैकी तीस जणांपुढे 'उत्साहाने सहभाग घेतो'. याला कामचुकारपणा म्हणा, मान्य. पण लेखी परीक्षा असती तर आकडा खरा निघाला असता, हे मात्र मला पटत नाही.

एकदा शाळेची तपासणी होती. पंधरा दिवस मी दुसरीकडून एकच धडा घोटून घेतला. साहेब आले, त्यांनी एका मुलीला उभं केलं, तिनं घडाघडा वाचलं, शेरा मिळाला 'वाचन उत्तम'. दुसऱ्या दिवशी मलाच राहवेना. तोच धडा तिच्यापुढे धरला आणि मधल्याच एका ओळीतल्या 'पाऊस' या शब्दावर बोट ठेवलं. हा कुठला शब्द? तिनं माझं बोट हळूच बाजूला केलं, ओळीच्या सुरुवातीला गेली आणि पुटपुटत पुटपुटत 'पाऊस'पर्यंत आली. मग विजयी मुद्रेनं म्हणाली, 'पाऊस!' तिला ओळ पाठ होती. अक्षरं तिच्या लेखी नक्षी होती. ती लबाडी तिची नव्हती, माझी होती.

इंग्लंडात २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी तोंडी चाचणी होते. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० बनावट, कशाचाच अर्थ नसलेले. बनावट शब्द पाठ असूच शकत नाही, तो अक्षर लावूनच वाचावा लागतो. मी ही युक्ती उचलली. फळ्यावर 'टिसका', 'मोडूप', 'गवेरू' असं काहीबाही लिहायचे. मुलं खिदळायची, पण कोण वाचतंय आणि कोण आठवतंय ते दहा मिनिटांत समजायचं.

त्या चाचणीची दुसरी बाजूही ऐका. पहिली दोन वर्षं उत्तीर्ण व्हायला ३२ लागतात हे शिक्षकांना आधीच माहीत होतं. निकाल लागले, तर ३१ गुणांची मुलं थोडीशी आणि ३२ ची एकदम ढीगभर! २०१४ पासून तो आकडा चाचणी झाल्यावरच सांगायला लागले, तेव्हा तो उंचवटा गेला. म्हणजे कागद चांगला होता, मोजणारे आपल्यासारखेच. मुलाच्या गुणांवर शाळेची अब्रू टांगली की बाई मुलाला एक गुण देते, आणि तो देताना तिला आपण काही वाईट करतोय असं वाटतसुद्धा नाही.

'परीक्षा काढून टाकल्या' असं तुम्ही म्हणता, पण कायद्यानं तपासणं कधीच काढलं नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करून मागे ठेवणं बंद केलं आणि त्याच कायद्यात सतत व सर्वंकष मूल्यमापन करा असंही लिहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवीत आणि आठवीत, फेरपरीक्षेची संधी देऊन, मागे ठेवायची मुभा राज्यांना दिली. दुसरीला त्यात कुठेच हात लावलेला नाही. पायाभूत टप्प्याचा २०२२ चा राष्ट्रीय आराखडा तर आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना लेखी परीक्षा योग्य नाही, असं स्पष्ट म्हणतो.

तपासायचं कसं, ते 'असर'वाले दाखवतात, म्हणजे खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासणारी पाहणी. एक मूल, एक कागद, त्यावर चार पायऱ्या: अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचू शकलं ती त्याची पायरी. गुण नाहीत, नंबर नाही, कुठल्या शाळेच्या नावावर खापर नाही. म्हणूनच त्यांचे आकडे इतके कडू निघतात. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. तुमचा संताप रास्त आहे हे सांगायला हा एक आकडा पुरे.

पण दहापैकी किती, एवढ्यानं माझं काम होत नाही. तिसरीतल्या दोघांनी वजाबाकीची पाचही गणितं चुकवली. दोघांनाही भोपळा. एकानं मनाला येईल ते लिहिलं होतं. दुसऱ्यानं ५२ − २७ = ३५, ४१ − १३ = ३२ असं शिस्तीत लिहिलं होतं. प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा, वर कोण अन् खाली कोण याची फिकीर नाही. त्याला वजाबाकी येत होती, दशक उसना घेणं येत नव्हतं. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवल्यावर आठवड्यात रुळावर आला. पहिल्याला मात्र मी दहाच्या आतल्या मोजणीपासून घेतलं, वर्ष गेलं. भोपळा दोघांचा सारखाच होता हो.

सयाजीरावांचं म्हणाल, तर १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेलं. सक्ती मूल शाळेत पाठवण्याची होती आणि दंड पालकांना होता. महाराज आज काय म्हणाले असते ते तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही. 'आमच्या वेळी छडी होती, म्हणून शिकलो' म्हणताना एवढं आठवून बघा: पहिलीत तुमच्याबरोबर किती होते आणि सातवीत किती उरले होते? जे गळले ते आज प्रतिक्रिया लिहायला बसलेले नाहीत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. नातू कुठल्या माध्यमात आहे? दुकानाची पाटी गुजरातीत होती ना? आपल्या बडोद्यात मूल घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत बहुतेक इंग्रजी. माझ्या मराठी वर्गातला एक मुलगा शिरोरेषाच द्यायचा नाही, कारण घरात ताईची वही गुजराती, आणि गुजराती लिपीत शिरोरेषा नसते. मी वर्षभर त्याचे अर्धे-अर्धे गुण कापले. पोराला सातव्या वर्षी दोन लिप्या येत होत्या आणि मी त्याला अर्धवट ठरवत होते! अजून रुखरुख लागते.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. शाळेत तो जी लिपी शिकतोय त्याच लिपीतलं, पण पाठ्यपुस्तकातलं नसलेलं काहीतरी घ्या. त्याच्या शेजारी बसा, समोर नको. आधी पाच साधे शब्द, मग एक-दोन बनावट, मग चार ओळींची गोष्ट. थांबला तर लगेच सांगू नका, मनात दहा मोजा. आणि तो नेमका कुठे अडला, अक्षरावर, काना-मात्रेवर की जोडाक्षरावर, ते मला इथेच खाली लिहा. वर्गबाईंकडे जाण्याआधी लिहा, म्हणजे त्यांना काय विचारायचं तेही सांगते.