वावरात बंदर आलं तर काय करावं?

राजेहो, आपल्याकडे समुद्र नाही म्हणून मन लहान करू नका. बंदराला समुद्र लागतो हा कोकणातल्या लोकांचा जुना गैरसमज आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर भरून बंदराकडे धाडायच्या कोरड्या बंदराचं, भूमिपूजन 2017 मध्येच झालं. ज्या गावचा तान्हा पोळा पाहायला लोक लांबून येतात, त्या गावाला हे काही जड नाही. तिथं लाकडाचा बैल चालतो, मग पाण्याविना बंदर का चालू नये?

उद्या तुमच्याही गावाचा नंबर लागेल. तेव्हा तयारी आत्ताच करा.

पाण्याची काळजी सोडून द्या. पालघरकडे वाढवणला 76,220 कोटींचं बंदर होतंय. केंद्रानं जून 2024 मध्ये मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. त्या जागेचं मोठं कौतुक काय, तर किनाऱ्याजवळच वीस मीटरची नैसर्गिक खोली. वीस मीटर! आपल्याकडे बोअरवाला तेवढ्यावर पोचून फक्त पाइप बदलतो. खोलीच्या बाबतीत आपण कधीच मागे नव्हतो.

जमिनीचा विषय निघाला की पाहुणे वाढतील. पांढऱ्या गाडीतून उतरलेला, "काकाजी" म्हणत पाया पडणारा आणि तुमचा सातबारा मोबाइलवर आधीच काढून आणलेला पोरगा दारात आला की चहा ठेवा. रस्ता कोणाच्या धुऱ्यावरून जाणार हे त्याला तलाठ्याच्या आधी कळलेलं असतं. तुम्हाला कळेल तेव्हा त्याच्या सोयऱ्याच्या नावानं फेरफार झालेला असेल. रागावू नका. तो तुमच्या विकासासाठीच उन्हातान्हात फिरतोय.

आणि उरणच्या लोकांसारखं डोक्यात राख घालून घेऊ नका. त्यांनी जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून आंदोलन केलं, गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा कुठं गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडायची वाट मोकळी झाली. शेवा कोळीवाडा तर न्हावा शेव्याच्या, म्हणजे याच जवाहरलाल नेहरू बंदरासाठी उठला आणि संक्रमण शिबिरात गेला. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं, देशातल्या कंटेनरांचा राजा झालं. शिबिरातल्या घरांना मात्र वाळवी लागली, आणि कोळ्यांना पुनर्वसनासाठी पुढं कित्येक वर्षं भांडावं लागलं. आपण समजूतदार माणसं. आपण भांडत नाही, अर्ज देतो आणि पोच घेतो.

आता मुख्य गोष्ट, निर्यात. भाषणात सांगतील की तुमचा माल थेट वावरातून जगात जाणार. हिशेब करून पाहा. पाच एकराची पराटी, पाऊस नीट पडला, बोंडअळीनं दया केली, तर धरा वीस क्विंटल कापूस. जिनिंगमध्ये सरकी निघाली की रुई उरते सातेक क्विंटल. 170 किलोची एक गाठ, म्हणजे झाल्या चार गाठी. या चार गाठी घेऊन तुम्ही चाळीस फुटी कंटेनरपाशी ऐटीत उभे राहा. गाठी एका कोपऱ्यात रचा. उरलेल्या जागेचं काय करायचं तेही सांगतो. कंटेनरच्या आत जागा असते सुमारे 28 चौरस मीटर, आणि पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र आहे 25. घरकुलाचा हप्ता अडकला असेल तर तिथंच बिऱ्हाड मांडा. सील लागायच्या आधी तेवढं खिडकीचं बघा.

हे नसेल जमत तर कापूस नेहमीसारखा गावातल्या व्यापाऱ्याला घाला. तो जिनिंगवाल्याला देईल, जिनिंगवाला निर्यातदाराला, मग कस्टम्सचा एजंट येईल, शिपिंग लाइन येईल. डेमरेज नावाचं एक भाडंही असतं, माल वेळेत हलला नाही की चढतं. ते कोणाच्या भावातून वळतं होतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

तसा समुद्र आपल्याला नवा नाही. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला कापसासाठी खामगावला फाटा निघाला, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. त्याआधीच, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 ला ती विझली आणि भावही विझला. म्हणजे कुठल्या देशात काय चाललंय यावर आपलं लग्नकार्य ठरायची रीत दीडशे वर्षांची आहे. ड्राय पोर्टनं ती फक्त जवळ आणली.

एक बारीक गोष्ट मात्र पत्रिकेवर छापत नाहीत. बंदराचं दार आतल्या बाजूलाही उघडतं. 19 ऑगस्ट 2025 पासून सरकारनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत. मग गिरण्यांची सोय पाहून 31 डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होते दसरा-दिवाळीच्या सुमारास. याला म्हणतात मुहूर्त! तूरही तशीच: मोझांबिकची, म्यानमारची, शुल्काविना. तिकडचा शेतकरी आपला सातासमुद्रापारचा भाऊच की. त्याचा माल उतरतो तेव्हा आपण इकडे "कपास किसान" अॅपवर ओटीपीची वाट पाहत, 2025-26 च्या 8,110 रुपये हमीभावाच्या रांगेत बैलगाडी धरून असतो. केंद्रावरचा माणूस ढिगात यंत्र खुपसतो, आकडा बघतो आणि मान हलवतो. बारा टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की गाडी परत.

म्हणून भूमिपूजनाला जाच. टोपी चांगली घाला, पुढच्या रांगेत बसा. पाहुण्यांनी "काही शंका?" म्हटलं की उभं राहून हात जोडा आणि विचारा, "साहेब, बाहेरून येणाऱ्या गाठीत यंत्र कोण खुपसते?" माइक तेवढ्यात बंद पडेल. तुम्ही तिथं थांबू नका, मंडपाच्या मागच्या बाजूनं सरळ पंगतीत जाऊन बसा. बुंदी पहिल्या पंगतीलाच पुरते.