अदृश्य मुलगा विरार लोकलमध्ये चढतो तेव्हा

मुंबईतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: विलक्षण शक्ती असलेल्या मुलांच्या साहसकथा हे परदेशातून आलेलं खूळ आहे, त्या लिहायला सोप्या, कारण शक्ती दिली की काहीही घडवता येतं, त्यांतले आईवडील लेखकाच्या सोयीसाठी मारलेले असतात, दोन खोल्यांच्या मुंबईत अशी कथा बसतच नाही, आणि त्या वाचून मुलं कष्टाविना जिंकायची स्वप्नं बघतात. पाचही मुद्दे चुकीचे आहेत. ते खरे मानून एखाद्या घरात तेरा वर्षांच्या मुलीच्या हातून पुस्तक किंवा वही काढून घेतली जात असेल, तर गप्प बसणं बरोबर नाही.

‘परदेशी खूळ.’ परंपरेनुसार 1273 ते 1279 या काळात जन्मलेली चार भावंडं आठवा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आईवडील देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेलेले, गावाने ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेलं. मुक्तेला मांडे करायचे असतात आणि खापर मिळू दिलं जात नाही, तेव्हा ज्ञानदेव पाठ तापवतात आणि त्या पाठीवर मांडे भाजले जातात. वाघावर बसून आलेल्या चांगदेवासमोर भिंत चालते. चरित्र म्हणून या कथांकडे कसं पाहायचं तो प्रश्न वेगळा. कथेची घडण मात्र मराठी घराघरात सातशे वर्षं माहीत आहे. बहिष्कृत मुलं, अंगची शक्ती, आणि शक्तीचा वापर अपमानाचा सूड घेण्यासाठी नाही. त्यातही सर्वांत बारकाईने बघावा असा प्रसंग ताटीचा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसतात, तेव्हा भिंत चालवणारी शक्ती तिथे कामाची नसते. सर्वांत धाकटी बहीण बाहेर उभी राहून समजूत घालते आणि दार उघडतं. गटात एकाची शक्ती जिथे संपते तिथून दुसऱ्याचं काम सुरू होतं, हे कुमार साहसकथेचं मुख्य सूत्र तिथे आयतं आहे.

‘लिहायला सोप्या.’ हा मुद्दा सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत चुकीचाही. शक्ती आली की शक्यता वाढत नाहीत, लेखकाची अडचण वाढते. प्रत्येक प्रसंगात वाचक विचारतो, ‘मग तिने शक्ती का नाही वापरली?’ बारा-चौदा वर्षांचा वाचक या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतो. चौथ्या प्रकरणातला नियम त्याला विसाव्या प्रकरणात आठवतो.

अदृश्य होणं घ्या. डोळ्याला दिसतं ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडलेला प्रकाश शोषला जातो म्हणून. शरीर पूर्ण पारदर्शक झालं तर डोळाही पारदर्शक होतो आणि मूल आंधळं होतं. म्हणजे एक तर बुबुळं दिसत राहतील, नाही तर ते मूल चाचपडत चालेल. लेखकाने आधी ठरवायला हवं. शिवाय पावसात अंगावरून ओघळणारं पाणी त्याची आकृती दाखवणार. आणि संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये अदृश्य असणं जिवावरचं आहे: जागा रिकामी समजून चार माणसं तिथेच घुसतील. याच शक्तीवर चर्चगेट ते विरार पूर्ण एक प्रकरण उभं राहतं, कारण ती शक्ती गर्दीत निकामी आहे.

दूरचं ऐकू येणं घ्या. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. दादर ते ठाणे सरळ रेषेत सुमारे 23 किलोमीटर. दादरच्या मुलीला ठाण्यातली किंकाळी ऐकू आली तरी ती मिनिटाहून जुनी असते. ती कधीच ‘आत्ता’ ऐकत नाही. या एका मिनिटावर रहस्य उभं करता येतं. नियम न पाळता ‘तिला लगेच कळलं’ लिहिलं की ते मिनिट वाया गेलं.

मोबदल्याचा हिशेबही असाच फसतो. ‘शक्ती वापरली की थकवा येतो’ हे सगळे लिहितात. पण 40 किलोचं मूल 30 मीटर, म्हणजे दहाव्या मजल्यापर्यंत उचलायला निव्वळ ऊर्जा लागते ती साधारण 12,000 ज्यूल, 3 किलोकॅलरींहून कमी. स्नायूंची गळती धरून चौपट केली तरी एका ग्लुकोज बिस्किटात भागतं. तेव्हा उडून आल्यावर दोन दिवस झोपणारं मूल पटत नाही. किंमत दुसरीकडून वसूल करावी: प्रत्येक वापरानंतर तासभर चव जावी, एखादी आठवण पुसट व्हावी, जवळच्या माणसाला ताप यावा. लोकलचा डबा उचलणाऱ्या मुलाची अडचणही ऊर्जेची नाही, टेकणाची आहे. डबा 40 टनांचा धरला तर तो सगळा भार त्याच्या दोन तळव्यांतून फलाटावर येतो. आधी लादी फुटेल.

म्हणून लिहिण्याआधी एक वही घालावी आणि प्रत्येक मुलापुढे पाच रकाने आखावेत: शक्ती किती अंतरापर्यंत, किती वेळ, कशाने सुरू होते, काय हिरावून घेते, कोणाकोणाला माहीत आहे. रकान्यात ‘खूप’ किंवा ‘थोडं’ लिहू नये. ‘4 किलोपर्यंत, हात पोचेल तितकंच, 20 सेकंद’ असं लिहावं. तिसऱ्या प्रकरणाअखेर यातले पहिले चार रकाने वाचकाला कळलेले असावेत आणि शेवटच्या झुंजीत जी मर्यादा आडवी येणार ती आधी किमान दोनदा दिसलेली असावी. शेवटच्या प्रकरणात नवी शक्ती उगवली तर कथा मेली. व्हॉट्सॲपवरचा राग बहुधा अशाच कथा वाचून आलेला असतो, आणि तेवढ्यापुरता तो रास्त आहे.

मुलांची संख्याही मोजून घ्यावी. पाच मुलं असली की आपसांतल्या जोड्या 10 होतात. सात केली की 21. प्रत्येक जोडीचं काहीतरी नातं लागतं: कोण कोणावर रुसलंय, कोणाचं गुपित कोणाकडे आहे. पहिल्या कादंबरीत पाचांच्या वर जाऊ नये. सहावं मूल बहुतेक वेळा नुसतं शक्तीपुरतं येतं आणि मधल्या दहा प्रकरणांत हरवतं.

‘आईवडील सोयीसाठी मारलेले.’ मारलेले असतात तेव्हा ते आळसाचं लक्षण, हे कबूल. मुंबईत त्याची गरजच पडत नाही. कल्याणहून फोर्टात नोकरीला जाणारे आईवडील सकाळी साडेसातला घर सोडतात आणि रात्री आठला येतात. सकाळच्या अधिवेशनाची शाळा दुपारी सुटते, क्लास चारला. मधले तीन तास मुलांचे. मात्र चावी शेजारच्या काकूंकडे असते आणि सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असतो. साहस या तीन तासांत बसवायचं, त्यात दादरहून ठाण्याला जाऊन यायलाच तासभर जातो. मोबाइलची बॅटरी संपवून सुटका करून घेणं एकदाच चालतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे मुलांनी फोन करावा, आईने विश्वासही ठेवावा, आणि तिने घाबरून जे केलं त्यानेच प्रकरण चिघळावं. जिवंत आई कथेला अनाथपणापेक्षा जास्त ताण देते.

‘मुंबईत बसत नाही.’ दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर शक्ती लपवायची कुठे, हा प्रश्न एखाद्या वाड्यातल्या निवासी शाळेत पडणारच नाही. गॅलरी सामाईक, जिना सामाईक, संडास सामाईक. झोपेत तरंगणारं मूल पहिल्याच रात्री आजीला दिसणार. तेव्हा आजीला पहिल्या प्रकरणातच भागीदार करावं. लोकल रात्री साधारण एकनंतर पहाटे चारपर्यंत नसतात. त्या तीन तासांत मुलं जिथे असतील तिथेच अडकतात. हे घड्याळ लेखकाला फुकट मिळालेलं आहे.

आणि समुद्राचं घड्याळ तर याहून चोख. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणजे भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. जुना कोळी हिशेब तिथीची पाऊणपट करायचा: चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, तेव्हा दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. ज्याची शक्ती पाण्याशी बांधलेली आहे अशा वरळी कोळीवाड्यातल्या मुलासाठी पंचांग हेच वेळापत्रक होतं. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. ओहोटीला आत गेलेली मुलं वाट बुडाली की पाणी उतरेपर्यंत बाहेर येऊ शकत नाहीत. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी मोठी सर आली की नाल्यांची तोंडं समुद्रपातळीखाली असल्याने पाणी शहरातच थांबतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी पाणी अडवू शकणारी मुलगी 20 सेकंदच अडवू शकत असेल, तर ती ते कोणत्या गल्लीत वापरेल? यासाठी खलनायकाचीही गरज नाही.

‘कष्टाविना जिंकायची स्वप्नं.’ वर आखलेल्या वहीतला चौथा रकाना पाहा. नीट बांधलेल्या कथेत शक्ती वापरणाऱ्या मुलाने प्रत्येक वेळी काहीतरी गमावलेलं असतं, आणि वाचक ते मोजत असतो. पाण्यासमोर उभ्या त्या मुलीच्या हातात 20 सेकंद आहेत. एकविसाव्या सेकंदाला तिला इतरांसारखंच पाण्यात उतरून दोरी धरावी लागते, आणि ती दोरी कुठल्या खांबाला बांधायची हे तिने आदल्या आठवड्यात पायी फिरून पाहून ठेवलेलं असावं लागतं.